बारीक अक्षरांची मंडळी

वेंडेल क्रुपच्या हुद्द्यात 'वरिष्ठ' असा एक शब्द होता. वरिष्ठ प्रवेश-मार्गदर्शक. त्याच्या हाताखाली कोणी कनिष्ठ नव्हतं, शेजारी कोणी बरोबरीचा नव्हता, आणि ऑफिस म्हणाल तर ते ओहायोतल्या टोलेडो गावातल्या त्याच्याच फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल होतं. मग हा वरिष्ठ नेमका कोणाला, असा प्रश्न उरतोच. खिडकीत कुंडीतलं एक झाड होतं आणि ते वयाने वेंडेलपेक्षा लहान होतं. एवढ्यावर समाधान मानायचा त्याचा स्वभाव होता.

नोकरी नॉर्थ मेरिडियन विद्यापीठात. हे विद्यापीठ फीनिक्समधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे असं वेंडेलला सांगण्यात आलं होतं, आणि अविश्वास दाखवावा असं काही घडलं नव्हतं. तिथून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घरबसल्या मिळे. विद्यार्थी घरी, शिक्षक घरी, वेंडेलही घरी. इतकी माणसं आपापल्या घरी बसून एकमेकांना ज्ञान देत असताना मध्ये एखाद्याला एकटं वाटत असेल, याची नोंद ठेवायची सोय त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

त्याची बायको लॉरीन जाऊन चार वर्षं झाली होती. गेली म्हणजे अ‍ॅरिझोनाला गेली. आहे ती उत्तम, टेनिस खेळते. मुलगी पोर्टलंडला. ती दर रविवारी फोन करी आणि "बाबा, जेवलात का?" पासून "बरं, ठेवते" पर्यंतचा प्रवास अकरा मिनिटांत आटपे. उरलेले सहा दिवस आणि त्या रविवारातली बाकीची मिनिटं वेंडेलची स्वतःची होती.

जूनमध्ये एका सकाळी ब्रायना पडद्यावर उगवली. ब्रायना त्याची साहेब. वय एकतीस. तिला त्याने कमरेखाली कधी पाहिलं नव्हतं, आणि तिनेही त्याला.

"वेंडेल, एक भन्नाट कल्पना आहे," ती म्हणाली. तिच्या सगळ्याच कल्पना भन्नाट असत, त्यामुळे वेंडेलने नुसती मान डोलावली. "आपल्याला कोण हवंय? शिकायची सवय असलेला माणूस. फी भरायची सवय असलेला माणूस. आणि हातात काम नसलेला माणूस. सांग बरं, असा कोण?"

वेंडेलने बराच विचार केला. त्याला स्वतःशिवाय कोणी आठवेना.

"कायद्याचे पदवीधर!" ब्रायना म्हणाली. "वकिली न मिळालेले! ओहायो, मिशिगन, इंडियाना मिळून नऊ हजार नावांची यादी घेतली आहे मी. कोणी रंगाच्या दुकानात आहे, कोणी कुत्री फिरवतंय. यांना आपली पदवी दिली की बास. कायदा अधिक व्यवसाय. कळलं?"

"कळलं."

"आधी टोलेडोतल्या चारशे जणांवर करून बघू. ऑगस्टअखेर आठ प्रवेश हवेत, वेंडेल. आठ झाले नाहीत तर… म्हणजे तुझं काम ते नवीन सॉफ्टवेअरही करू शकतं म्हणे. पण मी तुझ्यासाठी भांडते आहे हां." आणि ती मावळली.

ई-मेल वकील लोक उघडत नाहीत, उघडले तर पुरावा म्हणून जपून ठेवतात, असं वेंडेलने कुठेसं वाचलं होतं. म्हणून कार्डं टपालाने पाठवायची ठरली. पुढच्या बाजूचं वाक्य त्याने स्वतः लिहिलं: 'तुमची कायद्याची पदवी वाया गेलेली नाही. ती फक्त अर्धी आहे.' हे वाक्य सुचल्यावर तो खुर्चीतून उठला, फ्लॅटभर फिरला आणि दाखवायला कोणी नाही म्हणून जिना उतरून खाली गेला.

खालच्या फ्लॅटमध्ये याब्लॉन्स्कीबाई राहत. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची खुर्ची अशा कोनात ठेवलेली असे की टपालाच्या पेट्या, फाटक आणि समोरच्या इमारतीतली दोन कुटुंबं एकदम दिसावीत. त्यांनी कार्ड हातभर लांब धरून वाचलं.

"माझा भाचा वकील झाला," त्या म्हणाल्या. "आता काचेच्या टाकीतले मासे विकतो. सुखात आहे बघ. मासे उलट बोलत नाहीत."

"त्याला आमची पदवी घ्यावीशी वाटेल का?"

"त्याला पिझ्झा घ्यावासा वाटेल. कॉलेजात असताना दुपारी ज्या भाषणाला पिझ्झा असेल त्या भाषणाला जायचा. तीन वर्षं पोर पिझ्झ्यावर जगलं. कशावर भाषण होतं म्हणून विचारलं तर सांगता यायचं नाही." त्यांनी कार्ड उलटं केलं. "आणि हे मागे मुंग्यांसारखं काय आहे?"

ते बारीक अक्षरांतलं कलम होतं. कुठलीही जाहिरात बाहेर पडण्याआधी फीनिक्सच्या विधी विभागातून जावी लागे. विधी विभाग म्हणजे स्ट्युअर्ट. स्ट्युअर्टने मागे लिहिलं होतं: 'हा अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्यास नोकरी, बढती वा पगारवाढीची हमी विद्यापीठ देत नाही.'

"हे कोण वाचतंय!" वेंडेल म्हणाला.

माणसाने काही वाक्यं तोंडातून काढू नयेत. निदान चारशे वकिलांना कार्डं पाठवायच्या आदल्या दिवशी तरी नाही.

टपाल कचेरीतल्या बाईंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला आणि सांगितलं की एकगठ्ठा टपालाला पाठवणाऱ्याचा स्थानिक पत्ता लागतो. फीनिक्स चालणार नाही.

"पण विद्यापीठ फीनिक्सला आहे."

"तुम्ही कुठे आहात?"

"इथे."

"मग इथला घाला. कार्ड परत आलं तर कोणाच्या तरी दारात यायला हवं ना!"

वेंडेलने स्वतःच्या फ्लॅटचा पत्ता घातला. लॉरीन गेल्यापासून त्याच्या पेटीत विजेचं बिल आणि 'सध्याचे रहिवासी' या नावाची पत्रं सोडून काही आलं नव्हतं. पत्ता त्याने नेहमीपेक्षा वळणदार अक्षरात लिहिला. असा आपला उगाच.

पाचव्या दिवशी पहिलं उत्तर आलं. त्याचंच कार्ड परत आलं होतं. पुढच्या बाजूच्या सुंदर वाक्याला कोणी बोटही लावलं नव्हतं. मागे स्ट्युअर्टच्या कलमाखाली लाल शाईत एक रेघ होती, आणि समासात नेटक्या अक्षरांत:

'यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यास हमी नाही. म्हणजे नापास होणाऱ्यास आहे, असा अर्थ काढता येतो. दुरुस्ती व्हावी. हा कायदेशीर सल्ला नव्हे. थ. ब्रेक.'

वेंडेलने ते तीनदा वाचलं. प्रवेश नव्हता, चौकशी नव्हती, फोन नंबरही नव्हता. पण शाईचं होतं आणि त्याच्या पत्त्यावर आलेलं होतं. त्याने ते फ्रिजवर चुंबकाने लावलं.

आठवड्याभरात एकवीस कार्डं परत आली. सगळी लाल. कोणी 'नोकरी' शब्दाची व्याख्या मागितली होती. कोणी विचारलं होतं की बढतीची हमी नाही हे ठीक, पण पदावनतीची आहे का. आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच: हा कायदेशीर सल्ला नव्हे. वकिलीची सनद नसलेल्या माणसाने सल्ला दिला तर तो गुन्हा ठरतो. म्हणून ही मंडळी कॉलेजातून बाहेर पडताना हे वाक्य पाठ करूनच पडतात आणि पुढे जन्मभर कुठल्याही वाक्याला शेपटीसारखं लावतात. त्यांच्या घरी "मीठ कमी आहे" नंतरही ते येत असावं.

वेंडेलने सगळ्या दुरुस्त्या स्ट्युअर्टकडे पाठवल्या. स्ट्युअर्ट दुखावला. बारा वर्षं तो बारीक अक्षरं लिहीत होता आणि ती वाचली गेल्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने तावातावाने नवा मजकूर पाठवला: 'यशस्वीपणे वा अयशस्वीपणे पूर्ण करणाऱ्या, मध्येच सोडणाऱ्या अथवा पुढे ढकलणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्यास…' वगैरे सात कलमं. त्याच चारशे जणांना दुसरं कार्ड गेलं.

या वेळी चव्वेचाळीस परत आली. इंग्रिड फोल्सम नावाच्या बाईंनी लिहिलं होतं: 'विद्यार्थ्यांस हमी नाही हे आता स्पष्ट झालं. पण मी विद्यार्थी नाही. मी प्रवेशच घेतलेला नाही. म्हणजे मला हमी आहे, असं दिसतं. कधीपासून रुजू व्हावं? हा कायदेशीर सल्ला नव्हे. हा प्रश्न आहे.'

थ. ब्रेकला कार्डावरची जागा पुरली नव्हती. त्याने रंगाच्या दुकानातल्या नमुन्याच्या पट्टीमागे लिहून पाठवलं होतं. पट्टीच्या पुढच्या बाजूला 'ओली वाळू' नावाचा रंग होता.

ब्रायनाला मात्र पडद्यावर आकडे दिसत होते. "चव्वेचाळीस प्रतिसाद! चारशेत चव्वेचाळीस! वेंडेल, तू जादूगार आहेस! यातले किती प्रवेश घेतायत?"

"ते अजून… विचार करतायत."

"मग त्यांना एकत्र बोलव. समोरासमोर. बांधून घाल त्यांना!"

पिझ्झ्याचा सल्ला याब्लॉन्स्कीबाईंचा, जागा सार्वजनिक ग्रंथालयाची. ग्रंथालयातल्या बाईंनी वेंडेलपुढे चार पानांचा फॉर्म ठेवला.

"व्यापारी कामासाठी खोली मिळत नाही."

"शैक्षणिक आहे," वेंडेल म्हणाला आणि हे म्हणताना त्याने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

"गरम अन्न आणता येणार नाही."

"पिझ्झा?"

"गरम आहे का?"

"असतो… सुरुवातीला."

"मग गार करून आणा."

जुलैतल्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता ग्रंथालयाच्या पार्किंगमध्ये वेंडेल क्रुप, वरिष्ठ प्रवेश-मार्गदर्शक, टाय लावून, स्वतःच्या गाडीच्या टपावर चार पिझ्झे उघडे ठेवून ते गार व्हायची वाट पाहत उभा होता. डोक्यावर ऊन असं की गाडीचा पत्रा तव्यासारखा तापलेला. पिझ्झे गार होईनात. उलट मिनिटामिनिटाला ताजे व्हायला लागले. चीज पुन्हा बुडबुडे सोडू लागलं. वेंडेलने टाय सोडला आणि पुठ्ठ्याच्या झाकणाने वारा घालायला सुरुवात केली.

"तुम्ही क्रुप?" मागून आवाज आला. उंच, वाकलेला, चाळिशीचा माणूस. नखांत निळा रंग. "मी थॅडियस ब्रेक. 'गरम' या शब्दाची व्याख्या नियमात दिली आहे का?"

"माहीत नाही. मी… वाचलं नाही."

ब्रेकने त्याच्याकडे डॉक्टर बघतो तसं बघितलं. "फॉर्म बघू."

तोवर एक बुटकी, चष्मेवाली बाई येऊन उभी राहिली होती. "इंग्रिड फोल्सम," ती म्हणाली. "हमीवाली. थॅडियस, व्याख्या नसेल तर शब्दाचा रोजचा अर्थ घ्यायचा. बोटाला सोसतं ते गरम नाही."

"कोणाच्या बोटाला? रंगाऱ्याच्या की ग्रंथपालाच्या?"

"सामान्य समजूतदार माणसाच्या."

दोघांनी मग आजूबाजूला पाहिलं आणि सामान्य समजूतदार माणूस म्हणून वेंडेलला बोट पिझ्झ्यात घालायला लावलं. ते भाजलं. "गरम आहे," दोघं एकदम म्हणाले, आणि त्यांना फारच आनंद झालेला दिसला. हळूहळू चौदा माणसं जमली. चौदाही जण अर्धा तास गाडीभोवती उभे राहून गरमपणावर वाद घालत होते. वेंडेलचं बोट मध्ये मध्ये पुराव्यासाठी मागितलं जात होतं. गेल्या चार वर्षांत इतक्या माणसांनी त्याच्या कुठल्याही अवयवाची दखल घेतली नव्हती.

आत गेल्यावर त्याने पडद्यावर पहिली चित्रफीत लावली: 'तुमचा उद्या आज सुरू होतो.'

"याची हमी आहे का?" मागून कोणीतरी विचारलं.

मग झालंच. दिवे लावले गेले, स्ट्युअर्टची सात कलमं फळ्यावर उतरवली गेली, आणि चौदा माणसं बाह्या सरसावून भिडली. यात एक जण हॉटेलच्या दारात गाड्या लावणारा होता. इंग्रिडबाई तळघरात बसून तासावारी परक्यांची ई-मेलं वाचत आणि 'संबंधित', 'असंबंधित' अशा दोनच खुणा करत. बोलायला तिथे परवानगी नव्हती. ब्रेक सनदेच्या परीक्षेला तीनदा बसला होता आणि चौथ्यांदा न बसण्याचा निर्णय त्याने स्वतः घेतला होता, असं तो न विचारता सांगे. कोणालाही वर्षानुवर्षं कोणी 'तुझं काय मत आहे' असं विचारलं नव्हतं. आता एका पोस्टकार्डाने विचारलं होतं.

नऊ वाजता ग्रंथालय बंद व्हायला आलं तेव्हा तिसऱ्या कलमावरच गाडी अडली होती.

"पुढच्या गुरुवारी?" ब्रेक म्हणाला.

वेंडेलच्या तोंडून "हो" निघून गेलं. प्रवेशाचे फॉर्म पिशवीतच राहिले होते. ते त्याला घरी पोचल्यावर आठवलं, आणि त्याहून वाईट म्हणजे आठवल्यावर वाईट वाटलं नाही.

पुढचे पाच गुरुवार असे गेले. याब्लॉन्स्कीबाईंनी खिडकीतून हेरलं की वेंडेल गुरुवारी दाढी करतो.

"बाई आहे का कोणी?" त्यांनी सरळ विचारलं.

"चौदा जण आहेत."

"अगंबाई! या वयात?" आणि त्यांनी त्याच्या हातात कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेल्या मुटकुळ्यांचं भांडं ठेवलं. "हे ने. पिझ्झ्याने पोट बिघडतं. आणि गार आहे म्हणून सांग त्या पुस्तकवालीला."

ब्रायना दर सोमवारी उगवे. "किती झाले?"

"चर्चा फार चांगली चालली आहे."

"वेंडेल, चर्चेचा रकाना नाहीये माझ्याकडे."

ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी मजकूर पूर्ण झाला. कार्डाची अख्खी मागची बाजू व्यापून तो पुढच्या बाजूवर आला होता आणि वेंडेलचं सुंदर वाक्य एका कोपऱ्यात टाचणीएवढं उरलं होतं. पण काय मजकूर होता! एकही फट नाही, एकही संदिग्ध शब्द नाही. त्यातलं अकरावं कलम इंग्रिडबाईंचं: 'या पदवीने नोकरी मिळेल असं मानण्यास कोणताही आधार नाही. खाली नावं दिलेल्यांकडे आधीच एक पदवी असून त्यांचाही अनुभव असाच आहे.' बारावं हॉटेलच्या दारातल्या माणसाचं: 'वाचकाने प्रवेश घेण्यापूर्वी एखाद्या मित्राशी बोलावं. मित्र नसल्यास दर गुरुवारी सहा वाजता ग्रंथालयात यावं. पिझ्झा असेल, तो गरम असेल असं नाही.'

वेंडेल दोन दिवस तो कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. यातलं थोडं कापायला हवं हे त्याला कळत होतं. वीस वर्षं फर्निचरच्या दुकानाच्या जाहिराती लिहिल्या होत्या त्याने. मोडकी खुर्ची 'अनुभवी' म्हणून खपवलेला माणूस तो. पण कापायचं कोणाचं? अकरावं काढलं तर इंग्रिडबाई पुन्हा तळघरात जाऊन बसतील. बारावं काढलं तर तो दरवाज्यावरचा माणूस काय म्हणेल? ब्रेकच्या तर प्रत्येक स्वल्पविरामामागे एकेक रंगाची पट्टी होती. वेंडेलने पेन उचललं, खाली ठेवलं, झाडाला पाणी घातलं, आणि शेवटी भित्रा माणूस करतो तेच केलं. निर्णय दुसऱ्यावर ढकलला. सगळा मजकूर होता तसा स्ट्युअर्टकडे पाठवला. तो नक्की कापेल.

स्ट्युअर्टचं उत्तर तासाभरात आलं. 'क्रुप, मी हे चारदा वाचलं. बारा वर्षांत इतका निर्दोष मजकूर माझ्या टेबलावर आला नव्हता. विद्यापीठावर कोणीही, कधीही, कशासाठीही दावा लावू शकणार नाही. मंजूर.' या कार्डाने कोणी प्रवेशही घेऊ शकणार नाही, ही गोष्ट विधी विभागाच्या कक्षेत येत नव्हती. ब्रायनाला 'विधी विभाग: मंजूर' एवढी हिरवी खूण दिसली. तिने आनंदाने नऊच्या नऊ हजार कार्डं सोडली.

परिणाम दहा दिवसांत दिसला. नवीन प्रवेश शून्य. ओहायोतले जे दोघे आधीपासून शिकत होते त्यांनी, डोळे उघडल्याबद्दल आभार मानून, नावं काढून घेतली. एकाने तर लिहिलं की इतकं प्रामाणिक विद्यापीठ त्याने दुसरं पाहिलं नाही आणि म्हणूनच तो सोडतो आहे.

ब्रायना शेवटची उगवली तेव्हा तिच्या मागे दुसरी एक बाई बसून सगळं टिपून घेत होती. "वेंडेल," ब्रायना म्हणाली, "तुझ्या इथल्या प्रवासाबद्दल आम्ही सगळे कृतज्ञ आहोत." सगळे म्हणजे कोण ते विचारावंसं वेंडेलला वाटलं. "पत्र आजच निघेल. आणि तो हेडसेट तेवढा परत पाठव. ऐक ना… मी खरंच भांडले होते हां." ते खरं असावं. तिचे डोळे जरा लाल दिसत होते. मग ती मावळली आणि पडद्यात वेंडेलचा स्वतःचाच चेहरा उरला. तो त्याने बराच वेळ बंद केला नाही. समोर कोणीतरी असलेलं बरं वाटतं.

बडतर्फीचं पत्र घेऊन तो गुरुवारी ग्रंथालयात गेला. खोलीचा परवाना विद्यापीठाच्या नावावर होता आणि तो महिनाअखेर संपत होता. म्हणजे हा शेवटचा गुरुवार. त्या नऊ हजार कार्डांमुळे मिशिगनहून दोन नवे चेहरेही आले होते. वेंडेलने याब्लॉन्स्कीबाईंचं भांडं टेबलावर ठेवलं, शेजारी पत्र ठेवलं. "मला काढलं," तो म्हणाला. "हे बघा, वाचा."

लाल पेनं बाहेर निघाली. मंडळींनी खुर्च्या ओढल्या. कोणाच्या तोंडावर दया नव्हती; भूक होती, आणि वेंडेलला तीच हवी होती. यांना याहून चांगली भेट तो काय देणार होता! शिवाय मनात एक वेडी आशा होती. स्ट्युअर्टचं लेखन. नापासाला हमी देणारा तो स्ट्युअर्ट. यात एखादी फट असणारच, आणि त्या फटीतून… निदान दोन-चार गुरुवार तरी.

ब्रेकने पहिलं पान वाचलं, पुढे सरकवलं. इंग्रिडबाईंनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. पत्र टेबलाभोवती फिरलं. तासाभरात एकाही पेनाचं टोक कागदाला लागलं नाही.

"काय?" वेंडेलने शेवटी विचारलं.

"काही नाही," ब्रेक म्हणाला. "तेच तर. यात काही नाही."

"व्याख्या वर घेतल्यात," इंग्रिडबाई म्हणाल्या. "अपवाद वेगळे काढलेत. मध्येच सोडणारा, पुढे ढकलणारा, सगळे पकडलेत. थॅडियस, तिसरं कलम बघ. ते तुझंच आहे."

"हो. माझंच आहे." ब्रेकच्या आवाजात अभिमान होता आणि त्याची त्याला लाज वाटत होती. "आपणच शिकवला त्याला."

मग सगळे वेंडेलकडे बघू लागले. दुरुस्त करण्यासारखं काही नसलं की ही माणसं लहान मुलांसारखी बावरत. कोणी घड्याळ पाहिलं. हॉटेलवाल्याची पाळी होती. मिशिगनला लांब जायचं होतं. "वाईट झालं, क्रुप," इंग्रिडबाई दारात म्हणाल्या, आणि बाहेर पडता पडता भर घातली, "हा कायदेशीर सल्ला नव्हे." साडेसातला खोलीत वेंडेल, सतरा खुर्च्या आणि एक रिकामं भांडं उरलं. खुर्च्या त्यानेच रचून ठेवल्या. फॉर्मवर तशी अट होती. ती त्याने आता वाचली होती.

पुढचा गुरुवार आला आणि गेला. दाढी त्याने सवयीने केली आणि दिवसभर त्या गुळगुळीत गालावरून हात फिरवत बसला. टपालाच्या पेटीत 'सध्याचे रहिवासी' यांना गालिचे धुऊन मिळतील असं पत्र होतं. वेंडेलने मागची बारीक अक्षरं वाचली. बरीच सदोष होती, पण ती दाखवायची कोणाला?

आणि तिथेच, पेटीसमोर उभ्या उभ्या, नोकरीत कधी सुचली नाही अशी गोष्ट त्याला सुचली.

त्याने चौदा कार्डं आणली आणि हाताने लिहायला बसला. पुढे काही सुंदर वाक्य घातलं नाही. 'गुरुवार, सहा वाजता, माझ्या घरी. वेंडेल क्रुप.' मागे बारीक अक्षरांत पाच कलमं. पहिली तीन चोख. त्या मंडळींच्याच हाताखाली शिकला होता तो. चौथं कलम जुळवायला त्याला पूर्ण दुपार लागली: 'निमंत्रण मिळाल्याशिवाय कोणीही येऊ नये.' आणि पाचवं: 'निमंत्रण केवळ आलेल्यांनाच देण्यात येईल.' त्याने ते मोठ्याने वाचून पाहिलं. चूक घसघशीत होती आणि तरी फार उघडी नव्हती. असं काम इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून झालं नव्हतं. कार्डं पेटीत टाकली तेव्हा याब्लॉन्स्कीबाई खिडकीतून ओरडल्या, "आता काय विकतोयस रे?"

"काही नाही!"

"मग कोण घेणार?"

शनिवारी काही आलं नाही. रविवारी टपाल नसतं, मुलीचा फोन आला आणि "तुम्ही आज जरा घाईत आहात का?" असं तीच म्हणाली. सोमवारी पेटी रिकामी. मंगळवारी टपालवाल्या बाईने फाटकाशीच मान हलवली. बुधवारी पेटीत गालिचेवाल्यांचं दुसरं पत्र होतं, आणि त्याखाली रंगाच्या नमुन्याची एक पट्टी. 'कोरडी वाळू.' मागे लाल शाईत:

'कलम चार आणि पाच एकत्र वाचता कोणालाच येता येत नाही. इतकी चूक कोणी चुकून करत नाही. ही मुद्दाम केलेली आहे असं माझं मत आहे. त्यामुळे कार्ड परत पाठवत नाही. घेऊनच येतो. इंग्रिडचं मत वेगळं आहे. ती स्वतः येऊन सांगेल, असं तिचं म्हणणं; पण तिच्या वतीने मी काही कबूल करू शकत नाही. हा कायदेशीर सल्ला नव्हे. थ. ब्रेक.'

वेंडेलने पट्टी दोनदा वाचली. मग वर न जाता त्याने खालचंच दार वाजवलं.

"खुर्च्या हव्या होत्या," तो म्हणाला. "उद्यापुरत्या. माझ्याकडे दोनच आहेत आणि एक डुगडुगते."

याब्लॉन्स्कीबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "किती देऊ?"

वेंडेलने हातातल्या पट्टीकडे पाहिलं.

"एक तरी लागेल," तो म्हणाला. "पण हमी देत नाही."